दुसऱ्या दिवशीचं दुखणं

हे मी एका बैठकीत लिहिलेलं नाही. चार ओळी लिहायच्या, उशीला मान टेकायची, जमेल तेव्हा पुढचं. वाचणारा स्वतः आजारी असेल तर त्यानंही असंच थांबत थांबत वाचावं. आणि आधीच सांगून टाकतो, मी पूर्ण बरा झालेलो नाही. आजारावर मात केलेल्यांच्या हकिकती मला पुष्कळांनी मोबाइलवर पाठवल्या. त्या वाचून धीर येण्याऐवजी माझं डोकं फिरायचं, कारण त्यातली माणसं शेवटी पळायला लागलेली असायची. मी पळत नाही.

ताप

माझं नाव शिवानंद. सोलापुरात नव्या पेठेत आमचं कापडाचं दुकान आहे. वडिलांच्या माघारी मोठे भाऊ मल्लिनाथ, म्हणजे आमचे अण्णा, आणि मी असे दोघं ते चालवतो. अण्णा खरेदी आणि गल्ला सांभाळतात. मी गादीवर, म्हणजे गिऱ्हाइकासमोरच्या पांढऱ्या बैठकीवर. लग्नाचा बस्ता बांधायला आलेली मंडळी माझ्याकडं. नवरीचा शालू, मानाच्या साड्या, आहेराचं कापड, सगळं एकदम घ्यायला अख्खं घराणं गाडी करून येतं, सकाळी बसतं आणि दिवस कलल्यावर उठतं. तेवढा वेळ त्यांना हसतंखेळतं ठेवायचं, एकामागून एक साडी उलगडायची, म्हाताऱ्यांचे रुसवे काढायचे. अक्कलकोटकडचे आले की घरचीच कन्नड, विणकरांच्या घरातले आले की तेलुगू, मुसलमान बायकांशी आपली सोलापुरी दख्खनी. दिवसभर बोलून, वाकून, उठून संध्याकाळी घरी आलो तरी मुलीला घेऊन फिरायला जायचो. त्याचं मला कधी विशेष वाटलं नव्हतं.

पावसाळा सरता सरता ताप आला. डेंग्यू निघाला. दवाखान्यात ठेवलं. तिथले दिवस मला फारसे वाईट आठवत नाहीत, हे ऐकून लोकांना नवल वाटतं. पहाटे रक्त घ्यायला यायचे, मग डॉक्टरांची फेरी, मग सलाइन, मग भेटायला आलेली माणसं. प्रत्येक जण आधी प्लेटलेट विचारायचा आणि नंतर मला. पपईच्या पानांचा रस कुणी ना कुणी आणायचंच. माझी बायको सुजाता तो गुपचूप बेसिनमध्ये ओतायची आणि आणणाऱ्याला सांगायची, "घेतला हो त्यांनी. चांगलं वाटतंय म्हणाले." अण्णा दुकान बंद करून रोज यायचे आणि बाहेरच्या बाकावर आडवे व्हायचे. तेव्हा मी आजारी होतो आणि ते सगळ्यांना मान्य होतं. ती केवढी मोठी गोष्ट असते, हे मला पुढं कळलं.

प्लेटलेट वाढल्या, घरी सोडलं. "थोडे दिवस अशक्तपणा राहील, मग जा खुशाल दुकानात," डॉक्टर म्हणाले.

दिवाळी आली आणि गेली. मी अजून अंथरुणातच होतो.

थकवा म्हणू नका

'थकवा' हा शब्द मला आता शिवीसारखा लागतो. थकवा मला माहीत होता की. बस्त्याच्या हंगामात कमरेचा काटा ढिला व्हायचा, जेवून झोपलं की सकाळी माणूस नवा. हे तसलं नव्हतं. झोपून उठलं की जास्तच वाईट. अंघोळ केली की ओल्या अंगानं पलंगावर पडायचो, टॉवेल हातातच राहायचा. मानेला डोकं पेलवायचं नाही. ट्यूबलाइट डोळ्यांत टोचायची. शेजारच्या घरात भांडं पडलं तरी ते माझ्या अंगावर पडल्यासारखं वाटायचं.

आणि कुणाला सांगायला जावं तर उत्तर ठरलेलं.

"मलाबी लई दमायला होतंय आजकाल."

"वय झालं की आता शिवा, चाळिशी उलटली."

"मन रमवा कशात तरी."

पहिल्यांदा मी समजावून सांगायचो. समजावून सांगायलाही ताकद लागते, आणि तीच तर नव्हती. मग मी नुसती मान डोलवायला लागलो. त्याचा अर्थ लोकांनी 'पटलं बघ याला' असा घेतला.

नॉर्मल

तपासण्या सुरू झाल्या. रक्त, थायरॉइड, साखर, छातीचा फोटो, हृदयाची पट्टी. एकदा पुण्याला जाऊन आलो. त्या प्रवासानंतर किती दिवस पडून होतो ते सांगत नाही. प्रत्येक वेळी डॉक्टर कागद चाळायचे आणि हसून म्हणायचे, "अभिनंदन. सगळं नॉर्मल आहे."

काहीतरी निघावं, असं मी देवाला म्हणायला लागलो होतो. धडधाकट माणूस असं मागणार नाही. पण काही निघालं असतं तर निदान त्याला नाव असतं, आणि अण्णांच्या पुढ्यात ठेवता आलं असतं.

कारण अण्णा बदलत चालले होते. आधी विचारायचे, "कसं वाटायलंय?" मग विचारायला लागले, "कधी यायलास?" मग विचारायचंच सोडून दिलं.

आमच्या नेहमीच्या डॉक्टरांनी सांगितलं, अंग टाकून बसू नका, रोज चाला, थोडं थोडं वाढवत जा. मी सांगितलेलं ऐकणारा माणूस. सकाळी सिद्धेश्वर तलावावर जायला लागलो. तीन-चार दिवस उत्साहानं चाललो आणि मग असा कोसळलो की दाढी करायला हात वर जाईना. डॉक्टरांना सांगितलं. ते म्हणाले, "सुरुवातीला होतं तसं. सोडू नका." मी पुन्हा गेलो, पुन्हा कोसळलो. तिसऱ्या वेळी तलावाच्या कट्ट्यावर बसून राहिलो आणि सुजाताला फोन केला. ती रिक्षा घेऊन आली. रिक्षावाल्यानं विचारलं, "साहेबांनी घेतलीय का सकाळी सकाळी?" त्याला उत्तर देण्याइतकाही माझा आवाज निघाला नाही. सुजातानं मात्र त्याला असं झापलं की घरी पोचेपर्यंत त्यानं मागं वळून बघितलं नाही.

शब्द हरवले

मधेमधे बरे दिवस यायचे. अशाच एका दिवशी मी दुकानात जाऊन बसलो. एक ओळखीच्या बाई आल्या, अक्कलकोटच्या पुढच्या खेड्यातल्या. माझ्याशी नेहमी कन्नडमध्ये बोलायच्या. त्यांनी सुनेसाठी साडीचा रंग सांगितला. साधा रंग. शब्द कानावर पडला, ओळखीचाही वाटला, पण त्याचा अर्थच लागेना. त्या पुन्हा म्हणाल्या. मी त्यांच्या तोंडाकडं बघत राहिलो. मग मराठीत काहीतरी बोलायला गेलो तर तेही अर्ध्यात तुटलं. आईच्या दुधाबरोबर आलेली भाषा, आणि मी परक्या गावात उतरल्यासारखा.

बाई घाबरल्या. "एनाग्यद निनग, शिवा?" काय झालंय तुला, असं त्या विचारत होत्या. ते मात्र कळलं, कारण तेच वाक्य माझी आई, आमची अव्वा, रोज म्हणायची.

अण्णांनी गल्ल्यावरून हे सगळं बघितलं. ते उठून आले, बाईंना साड्या दाखवल्या, आणि त्या गेल्यावर हळू आवाजात म्हणाले, "तू घरी जा. गिऱ्हाइकासमोर असलं बरं दिसत नाही."

मी घरी आलो. माझा इतका अपमान दुसऱ्या कुणी केला असता तर मी भांडलो असतो. इथं भांडायचं कुणाशी?

टेंभुर्णीचा बस्ता

लग्नसराई लागली. टेंभुर्णीकडच्या एका जुन्या घराण्याचा बस्ता ठरला. त्यांच्या तीन लग्नांचे बस्ते मी बांधलेले. त्यांनी अण्णांना फोनवर सांगितलं, "शिवानंदराव असतील तरच येतो."

अण्णा घरी आले. पलंगाशी उभे राहिले. "एक दिवस," ते म्हणाले. "एकच दिवस ये की. मी काय रोज म्हणायलोय?"

मी गेलो. आधी चांगली विश्रांती घेतली होती, आणि माणसं बघितली की अंगात येतंच काहीतरी. नवरीच्या आजीला एकही शालू पसंत पडेना. मी त्यांच्यासमोर मांडी घालून बसलो आणि म्हटलं, "आजी, तुमच्या लग्नातला कुठल्या रंगाचा होता?" म्हातारी लाजली, मग सांगत बसली, आणि तसलाच शालू घेऊन उठली. गादीवर साड्यांचा ढीग पडला होता, सगळे हसत होते, चहा फिरत होता. अण्णांनी माझ्या पाठीवर थाप मारली. "हा बघा आमचा शिवा! काही झालेलं नाही त्याला."

संध्याकाळी मी पायरी उतरलो तेव्हा मलाही वाटलं, झालं, सुटलो.

दुसऱ्या दिवशी मी उठलो नाही. उठलो नाही म्हणजे कूस बदलता आली नाही. घशात काटे, अंगात कणकण, सगळ्या सांध्यांत ठणका, डोळे उघडले की उजेड आत घुसायचा. सुजातानं खिडकीला तिच्या साड्या बांधल्या. चमच्यानं पेज भरवली. अव्वा पायाशी येऊन बसायची, एक शब्द बोलायची नाही, नुसता माझ्या तळव्यावर हात ठेवायची. बोलणारी माणसं इतकी झाली होती की तो गप्प हात मला सगळ्यात मोठं औषध वाटायचा.

त्या आठवड्यात आणखी एक बस्ता होता. अण्णा दुपारी तरातरा जिना चढून आले. मी डोळे मिटून पडलो होतो, पण ऐकू येत होतं.

"परवा वाघासारखा होता," ते सुजाताला म्हणाले. "सगळ्या दुकानानं बघितलंय. आज लगेच हे? मनात असलं की होतंय आणि नसलं की नाही, असला कुठला आजार असतोय?"

सुजाता म्हणाली, "अण्णा, तुम्ही त्यांना परवा बघितलं. मी त्याच्यानंतर बघायलेय. आत येऊन बघा की."

ते आत आले नाहीत. जिना उतरताना त्यांच्या चपलांचा आवाज माझ्या कवटीत वाजत राहिला.

सुजाता

ती माझ्या बाजूनं बोलली, म्हणून तिला सगळं पटलं होतं असं नाही. हे लिहिणं अवघड आहे, पण लिहितो, कारण पुष्कळ घरांत हे होत असणार.

एका संध्याकाळी आमची मुलगी गौरी शाळेतून आली आणि रडायला लागली. दहावीचं वर्ष, घरात टीव्ही नाही, आवाज नाही, मैत्रिणींना बोलवायचं नाही, कारण पप्पांना त्रास होतो. सुजातानं तिची समजूत काढली, तिला जेवायला वाढलं, आणि मग माझ्या खोलीत येऊन दार लावलं.

"मी पण दमते हो," ती म्हणाली. "पण मला कुणी झोप म्हणत नाही. तुमचं दुखणं खरं आहे, मला माहीत आहे. पण कधी कधी मला वाटतं, एकदा तरी उठा. माझ्यासाठी उठा. नाही उठला की वाटतं, तुम्ही माझ्यासाठीच उठत नाही."

मी उठून बसायला गेलो, तर तिनंच खांद्याला धरून पुन्हा निजवलं आणि तिथंच खाली बसून रडली. मला तिचा राग आला नाही. माझ्या या अंगाचा आला. मारता येत नाही, सोडून जाता येत नाही, आणि दिसायला असं टवटवीत की भेटायला येणारे म्हणायचे, "जाड झालास की रे, मानवलंय तुला."

नाव

शेवटी सुजाताच्या मावसबहिणीनं एका डॉक्टर बाईंचं नाव सांगितलं. सोलापुरातल्याच. माझी जायची तयारी नव्हती. पुन्हा कागद, पुन्हा अभिनंदन. सुजातानं ऐकलं नाही.

बाईंनी फाइल उघडलीच नाही. मला म्हणाल्या, "बाकड्यावर आडवे होऊनच बोला, मला चालतं." मग एकच गोष्ट विचारली. "काम केल्यावर त्याच वेळी त्रास होतो, का दुसऱ्या दिवशी?"

मी सुजाताकडं बघितलं. तिनं माझ्याकडं.

"दुसऱ्या दिवशी," मी म्हटलं आणि मला हुंदकाच फुटला. इतक्या डॉक्टरांनी इतकं विचारलं, पण हे कुणी विचारलं नव्हतं. मी स्वतःही नीट धरलं नव्हतं. तलावाचं चालणं, पुण्याचा प्रवास, टेंभुर्णीचा बस्ता, सगळं त्या एका प्रश्नावर येऊन उभं राहिलं.

त्यांनी मला रडू दिलं. मग समजावलं, की काही जणांना विषाणूचा ताप उतरल्यावर हे मागं राहतं. याला नाव आहे, हा आजार आहे, आळस नाही आणि वेडही नाही. नेहमीच्या तपासण्यांत तो दिसत नाही. ताकद ओढूनताणून वाढवायला गेलं की माणूस आणखी खाली जातो. जेवढी आहे तिच्या आतच राहायचं. दमायच्या आधी थांबायचं.

"औषध?" सुजातानं विचारलं.

"झोपेचं, दुखण्याचं देते. हे मुळातून जाईल असं औषध आज माझ्याकडं नाही. खोटं सांगणार नाही."

"बरं होतील ना?"

"सुधारतील, अशी आशा आहे. किती आणि कधी, ते नाही सांगता येणार."

असलं ऐकून कुणी खूश होतं का? मी झालो. रिक्षात सुजाताचा हात घट्ट धरून बसलो होतो.

घरी येऊन अण्णांना फोन केला. त्यांनी सगळं ऐकून घेतलं. "म्हणजे औषध नाही," ते म्हणाले. "मग डॉक्टरकडं गेलास कशाला?"

मी फोन ठेवला. त्या दिवशी पहिल्यांदा, कितीतरी महिन्यांनी, सुजाता आणि मी दोघंही पोट धरून हसलो. हसल्यावर मी पडून राहिलो, ते वेगळं.

आता

आता सकाळचे दोन तास मी दुकानात असतो. खुर्चीवर. बाथरूममध्येही स्टूल आहे, अंघोळ बसून करतो. भाजी चिरतो, तीही बसून. बरं वाटलं की काम वाढवायचं नाही, हा या आजाराचा सगळ्यात छळवादी नियम. बरं वाटणाऱ्या माणसाला गप्प बसवणं म्हणजे काय, हे ज्यानं केलंय त्यालाच ठाऊक. मी तो नियम अजूनही मोडतो आणि अजूनही भोगतो.

बस्ते आता सुजाता बांधते. अण्णांनी आधी तोंड वाकडं केलं, घरातल्या बाईनं गादीवर बसायचं म्हणून. पण नवरीच्या आया तिच्याशी जे बोलतात ते माझ्याशी कधी बोलल्या नव्हत्या. ती संध्याकाळी घरी येऊन कुणी काय घेतलं ते रंगात येऊन सांगते. मला अभिमान वाटतो. आणि जळायलाही होतं. माझी गादी, माझी माणसं, आणि मी घरात वाटाणे सोलायलोय. दोन्ही खरं आहे, म्हणून दोन्ही लिहिलं.

मध्यंतरी एक दिवस माझी दुकानातली वेळ संपली होती. मी उठायच्या बेतात होतो, तेवढ्यात अकलूजहून एक गृहस्थ लेकीला घेऊन आले. बस्त्याला येऊन गेलेल्या कुणीतरी त्यांना माझ्याबद्दल सांगितलं होतं. लेक शाळेत शिक्षिका. कसलासा ताप येऊन गेला आणि तेव्हापासून हे असं. ती भिंतीला टेकून उभी होती, डोळ्यांवर पदर ओढून. मी सुजाताला खूण केली, तिनं तिला गादीवर निजवलं.

"डॉक्टर म्हणतेत काय बी न्हाय," वडील म्हणाले. "सासरचे म्हणतेत, नाटक करतीया. आमी कुणाचं खरं मानायचं?"

मी तोंड उघडायच्या आत गल्ल्यावरून आवाज आला. अण्णांनी मान वर केली नव्हती. नोटांना रबर लावत होते.

"नाटक नसतंय ते. आमच्या घरात आहे. बसा तुम्ही, पाणी घ्या."

हे वाक्य त्यांनी मला कधी म्हटलं नव्हतं. नंतरही म्हटलेलं नाही. परक्या माणसाला सहज सांगून टाकलं आणि पुढची गड्डी बांधायला घेतली. मला रडावं का ओरडावं तेच कळेना.

त्या मुलीला सांगायचं तर खूप होतं, पण माझी जीभ जड व्हायला लागली होती. मी म्हटलं, "आज सोलापुरातच मुक्काम आहे ना? उद्या सकाळी या. सकाळी मी माणसात असतो."

दुसऱ्या दिवशी मी लवकर जाऊन बसलो. कुणी आलं नाही. मी घरी येऊन आडवा झालो, तेव्हा तिच्या वडिलांचा फोन आला.

"माफ करा हो," ते म्हणाले. "काल तेवढी गाडीतनं आली आन् सकाळपास्नं डोळंच उघडंना. तुमास्नी भेटायचं राहिलं म्हनून रडायलीया. काय करू मी?"

"पडदे ओढा," मी म्हटलं. "पाणी जवळ ठेवा. तिच्याशी बोलू नका, नुसतं बसा. आणि तिला सांगा, शिवानंद काकांना सगळं कळलंय, ते रागावलेले नाहीत. मी पुढच्या आठवड्यातही इथंच आहे. त्याच्या पुढच्याही."